तेलरंगात चांदण्यातली खाडी: पांढरा बदलून काही होणार नाही

नेरुळच्या एका गृहस्थांनी विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: "अठरा बाय चोवीसच्या कॅनव्हासवर चांदण्यातलं पाणी रंगवलं. आकाशाला प्रशियन ब्लू आणि काळा. चंद्र टिटॅनियम व्हाइटचा, पाण्यावरचा चंद्राचा पट्टाही त्याच पांढऱ्याचा. मोबाइलवर काढलेला फोटो समोर होता. तीनदा केलं, तिन्ही वेळा पट्टा खडूनं ओढल्यासारखा दिसतो. टिटॅनियमऐवजी झिंक व्हाइट घेऊ का? की निळा महागातला घेऊ?"

काहीच घेऊ नका, पैसे वाचवा. तुम्ही आकाश काळ्याच्या जवळ नेऊन ठेवलंत, चंद्र पांढऱ्याच्या टोकाला, आणि मधल्या पायऱ्या गाळून टाकल्यात. मधले करडे टोन नसले की पांढरा हा उजेड वाटत नाही, ट्यूबमधून आलेला रंगच वाटतो. तेव्हा विचारायचं ते हे, की चंद्राशेजारचं आकाश किती उजळ ठेवायचं. मी ठाण्याच्या कोपरीला राहते, रविवारी घरीच सात-आठ जणांना तेलरंग शिकवते आणि गेली पंचवीसेक वर्षं दर हिवाळ्यात एखादी तरी रात्र खाडीवर काढते. वर्गात दरवर्षी कुणीतरी हेच विचारतं, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा पांढऱ्याची नवी कोरी ट्यूब असते. (झिंक तर या कामाला नकोच. तो पारदर्शक असतो, आणि त्याचा थर वर्षांनंतर ठिसूळ होऊन तडकतो.)

आपल्या रंगपेटीची ऐपत आधी समजून घ्यावी लागते. कॅनव्हासवरचा सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांच्या उजेडात फरक असतो तो तीस-चाळीस पटींचा. खाडीवर चंद्राचं बिंब आणि खारफुटीखालची सावली यांच्यातला फरक हजारो पटींनी मोजावा लागेल. ही बरोबरी कुठल्याही कंपनीचा पांढरा करू शकत नाही. पगार तुटपुंजा असला की पहिल्या आठवड्यात हात आखडता घ्यावा लागतो, तसंच आहे हे. सगळं चित्र चार पायऱ्या खाली उतरवायचं आणि वरच्या दोन पायऱ्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवायच्या. सा. ल. हळदणकरांचं दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगातलं आहे, हे अनेकांना पाहूनही पटत नाही. जलरंगात उजेड म्हणजे शेवटी कागदच. तो दिवा पेटल्यासारखा दिसतो तो सभोवार चढवत नेलेल्या अंधारामुळे. आपलं काम तेलरंगातलं, पण हिशेब तोच.

आता यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे ते सांगते, कारण 'चांदण्यातलं पाणी' म्हणजे एकच देखावा नव्हे. तिथी कोणती, चंद्र किती वर, वारा आहे की नाही, ढग पातळ आहेत का, आणि तुम्ही खाडीच्या कोणत्या काठावर उभे आहात, यावर सगळं बदलतं. तुम्ही नेरुळला, म्हणजे खाडी तुमच्या पश्चिमेला. पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी तुमच्या पाठीमागे, पारसिकच्या डोंगराच्या बाजूनं उगवणार. पाण्यावर तो हवा असेल तर पहाटे चारला उठायला हवं. आम्ही कोपरीवाले पश्चिम काठावर, आम्हाला तो संध्याकाळी ऐरोलीच्या दिव्यांवरून डोंगर चढून येताना दिसतो. पहाटे उठणं जमत नसेल तर तुम्ही शुद्ध दशमी-एकादशी धरा. तेव्हा रात्री अकरा-बाराला चंद्र पश्चिमेकडे बऱ्यापैकी उतरलेला असतो. उजेड मात्र कमी मिळेल. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा उजेड देतो असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो जेमतेम दहावा हिस्सा असतो. दशमीला अर्ध्याहून बरा, तरी पौर्णिमेच्या निम्म्याहून कमीच.

आणि भरती-ओहोटी. कोळ्यांचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. त्यावरून एक गोष्ट निघते, ती मला कित्येक वर्षं लक्षात आली नव्हती. आपल्याकडे चंद्र डोक्यावर असताना पाणी भरलेलं असतं, आणि तो उगवताना किंवा मावळताना ओहोटी. म्हणजे क्षितिजाला टेकलेला मोठा चंद्र आणि काठोकाठ भरलेली खाडी, हे दोन्ही एकत्र इथे दिसतच नाही. ते कॅलेंडरवर दिसतं. तुमच्या चित्रातही तेच आहे, असं वर्णनावरून वाटतं. चित्रकाराला मुभा असते, मी नाही म्हणत नाही, पण नसलेलं रंगवताना आपण आठवणीतल्या छापील चित्राची नक्कल करतो आणि नजर फुकट जाते. खरं तर चंद्र खाली असताना उघड्या पडलेल्या चिखलावर जी चमक येते ती पाण्यापेक्षा सुंदर असते. पाणी झगमगतं, चिखल मंद झळकतो, ओल्या पाटीसारखा. मधूनच एखाद्या घळीतलं पाणी एकदम लखकन उजळतं. माझी बरी झालेली चित्रं बहुतेक चिखलाची आहेत. विकली गेली ती मात्र पाण्याची.

फोटोचं काय करायचं? घरी ठेवा. मोबाइलचा नाइट मोड रात्रीचा दिवस करतो आणि चंद्राच्या जागी पांढरं भोक पाडतो. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइल एकदा पाहिला की ती सगळी मेहनत पाण्यात. मी वही आणि मऊ पेन्सिल नेते, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद रबरानं बांधते. रंग नेत नाही. अंधारात रंगवलेलं सकाळी पाहिलं की ओळखू येत नाही. वहीत हाताच्या पंजाएवढी चौकट काढायची, तिच्यात चार-पाच ढोबळ पॅच, आणि प्रत्येकात आकडा: एक म्हणजे काळा, दहा म्हणजे पांढरा. शब्दही लिहायचे. माझ्या एका वहीत लिहिलंय, 'क्षितिज आकाशाहून उजळ, मळकट, चहाच्या पाण्यासारखं.' तुमच्याकडून पाहताना हे हमखास दिसेल. समोर ट्रॉम्बे-मानखुर्द, त्यामागे सगळी मुंबई. त्या दिव्यांचा उजेड आकाशाच्या तळाशी साचलेला असतो. तिथे शुद्ध निळा लावलात की चित्र खाडीचं राहत नाही.

निळ्याबद्दल. चंद्रप्रकाश निळा नसतो. तो परत आलेला सूर्यप्रकाशच, उलट किंचित तांबूसकडे झुकणारा. चंद्राचा पृष्ठभाग जुन्या डांबरी रस्त्याइतका गडद, पडलेल्या उजेडातला जेमतेम बारा टक्के परत पाठवणारा, आणि पौर्णिमेलाही आपल्यापर्यंत पोचतं ते उन्हाच्या सुमारे चार लाखावा हिस्सा. इतक्या कमी उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ बंद पडतात. ज्या चालू राहतात त्यांना लाल दिसत नाही, निळं-हिरवं जास्त उजळ दिसतं. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं १८१९ साली हे नोंदवलं. मी ते वाचण्याआधी बांधावर पाहिलं होतं. माझा भाऊ सोबतीला यायचा, त्याच्या गळ्यात लालभडक पंचा असायचा आणि डब्याला निळी प्लॅस्टिकची पिशवी. उन्हात पंचा डोळ्यात भरायचा, पिशवीकडे कुणी पाहिलं नसतं. चांदण्यात पंचा काळा ठिक्कर आणि पिशवी राखी-पांढरी, जणू आतून उजळलेली. मी त्याला म्हटलं, तुझा पंचा हरवला का? त्यानं गळ्याला हात लावून पाहिला.

यातून रंगवण्यासाठी एवढंच घ्यायचं: लाल-तपकिरी वस्तू दिवसापेक्षा खूप गडद करा, निळसर-हिरवट वस्तू थोड्या उजळ, आणि एकूणच रंगाचा जोर काढून टाका. रात्र निळी असते म्हणून निळा ओतायचा नाही. करड्याला निळ्याचा वास लागला तरी पुरे.

माझं पॅलेट साधं आहे: अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर, व्हिरिडियन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, टिटॅनियम व्हाइट. प्रशियन ब्लू ठेवते, पण मोहरीएवढा. तो पसरला की सगळं गिळतो. काळ्याची ट्यूब नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून जो काळा होतो तो हवा तसा थंड किंवा उबदार करता येतो, शिवाय अंबरमुळे लवकर वाळतो. तयार आयव्हरी ब्लॅक वाळायला रेंगाळतो, आणि त्याच्यावर घाईनं दुसरा थर दिलात की पुढे तडे. रंगवायला बसण्याआधी पॅलेट नाइफनं पाच ढीग करून घ्या: दोन, तीन, चार, पाच, सात. आठच्या वरचं काही आज बनवायचंच नाही. मुलं इथेच कंटाळतात. पण हे ढीग बरोबर जमले तर निम्मं चित्र पॅलेटवरच झालेलं असतं. खात्रीसाठी डोळे बारीक करून पाहा, किंवा आता मोबाइल काढा आणि ढिगांचा काळा-पांढरा फोटो घ्या. या कामाला तो चांगला.

कॅनव्हास पांढरा ठेवू नका. आदल्या आठवड्यात टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला अंबर आणि अल्ट्रामरीन सगळीकडे फडक्यानं चोळून चारच्या आसपासचा करडा करून वाळू द्या. पांढऱ्यावर कुठलाही रंग गडद वाटतो, आणि मग आपण घाबरून उजळ करत सुटतो.

आकाश आधी. वरचा भाग तीन, चंद्राकडे येताना चार, चंद्राच्या अगदी लगत पाच, पातळ ढग असतील तर सहा. इथे काळजी हवी ती कडांची: एका टोनमधून दुसऱ्यात जाताना ब्रश आडवा-तिडवा फिरवायचा, गुळगुळीत करत बसायचं नाही. फार गुळगुळीत केलं की आकाश फ्रीजच्या दारासारखं दिसतं. चंद्राची जागा मोकळी सोडा किंवा तिथला रंग कापडानं टिपून घ्या. आणि चंद्र लहान ठेवा. आकाशात तो फक्त अर्धा अंश व्यापतो. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या नखाच्या निम्मा. तुमच्या चोवीस इंची कॅनव्हासवर साठ अंशांचा देखावा धरला तर बिंब पाच मिलिमीटरचं येतं. मी लबाडी करून आठ-दहा करते. तुमचा बहुधा रुपयाएवढा असेल.

पाणी आकाशापेक्षा एक पायरी गडद. दूरचं पाणी क्षितिजालगतचं उजळ आकाश दाखवतं, पायाजवळचं पाणी वरचं गडद आकाश, आणि तेही अर्धवटच, म्हणून खाली येताना गडद करत जा. काठावरची खारफुटी दोन. एक कुठेच नको, फार तर जेट्टीच्या खांबाखाली बोटभर.

आता पट्टा, ज्यासाठी तुम्ही विचारलंत. तो पट्टा नसतोच. प्रत्येक लाट म्हणजे एक तिरपा आरसा. ज्या आरशांचा कल त्या क्षणी बरोबर असेल तेवढेच चमकतात आणि लगेच विझतात. असे हजारो तुकडे आपल्याला एकत्र पट्ट्यासारखे दिसतात. म्हणून चंद्र खाली असला की तो लांब आणि अरुंद, वर चढला की आखूड आणि पसरट, वारा वाढला की रुंद आणि फिका, पाणी स्तब्ध असलं तर पट्टाच नाही, खाली दुसरा चंद्र. आणि तो नेहमी चंद्राच्या थेट खाली, पाहणाऱ्याकडे येणारा. चित्रात तिरका काढला की चूक.

मी तो तीन बैठकांत करते. पहिल्या दिवशी पाणी ओलं असतानाच पाचचा करडा, हव्या त्यापेक्षा रुंद, कडा दोन्हीकडे पाण्यात विरघळलेल्या. त्या दिवशी तो पाहून निराशा होते, होऊ द्या. हा थर हाताला लागेनासा झाला की दुसरी बैठक: सातचा रंग, सेंटिमीटरभर रुंदीचा राठ केसांचा चपटा ब्रश. रंग घ्या, निम्मा फडक्यावर पुसून टाका, ब्रश कॅनव्हासला जवळजवळ समांतर धरा आणि आडवा हलकेच ओढा. कॅनव्हासच्या विणीचे उंचवटे तेवढे रंग घेतील, खड्डे कोरडे राहतील. हा तुटका स्पर्श म्हणजेच लाटांचा चुरा. क्षितिजाजवळ हे फटकारे बारीक, दाट, जवळजवळ एकमेकांना चिकटलेले. जवळ येताना एकेक फटकारा लांब, दोन्ही टोकांना निमुळता, आणि दोघांमधली काळी फट मोठी. त्या फटींकडे फटकाऱ्यांपेक्षा जास्त लक्ष द्या. तुमचा पट्टा खडूचा दिसतो तो फटी बुजल्यामुळे.

तिसरी बैठक आठवड्यानं. नऊचा रंग: टिटॅनियम, त्यात ऑकरचा कण. घट्ट, बिनतेलाचा नाही पण तेलकटही नाही, ब्रशच्या कोपऱ्यानं ठेवायचा आणि हात उचलायचा. मी मोजते, चाळीसच्या वर जात नाही, त्यातले निम्मे पट्ट्याच्या वरच्या तिसऱ्या भागात. शेवटी चंद्र, तोही किंचित उबदार. सभोवती थंड करडा असल्यावर उबदार पांढरा जास्त पेटतो. एका बाजूची कड बोटानं हलकी पुसा.

पलीकडच्या काठाचे दिवे ठेवायचे असतील तर सिएना आणि ऑकरचे, सहाच्या वर नकोत. हल्लीचे एलईडी डोळ्याला चंद्राहून प्रखर वाटतात हे खरं, पण तसे रंगवलेत तर चंद्राला चित्रात काम उरणार नाही. मी बहुतेक पुसूनच टाकते.

थोडं वाळण्याविषयी, कारण रात्रीची चित्रं इथेच मार खातात. पहिला थर टर्पेंटाइनचा, पुढचे जवसाच्या तेलाचं प्रमाण वाढवत नेलेले. उलट कधीच नाही. अंबरचे गडद भाग वाळल्यावर ठिकठिकाणी मंद, फिके पडतात, तेल खाली शोषलं गेल्यामुळे. घाबरून त्यावर काळा चढवू नका. जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अगदी कमी चोळा, जास्तीचं पुसून घ्या, टोन परत येतो. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ धरा. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. मी पाणी घातलेल्या डब्यात बुडवून ठेवते.

व्हार्निशला सहा महिने थांबा. मी एकदा थांबले नाही. घोडबंदर रोडवरच्या एका घरी वास्तुशांतीला चित्र हवं होतं, म्हणून ऑगस्टमध्ये दोन महिन्यांच्या चित्राला व्हार्निश मारलं. समारंभाच्या दिवशी ते हाताला चिकटत होतं आणि उदबत्तीची राख त्यावर बसली. शिवाय यजमानांनी ते खिडकीसमोर टांगलं होतं. गडद भागांत पडदा, पंखा आणि मी, तिघंही स्वच्छ दिसत होतो. खाडी सोडून सगळं. तेव्हापासून चित्र कुठे टांगणार हे विचारल्याशिवाय मी रात्रीचं काम घेत नाही. रशियन चित्रकार कुइंजी यानं १८८० साली नीपर नदीवरच्या चांदण्या रात्रीचं एकच चित्र सेंट पीटर्सबर्गमध्ये मांडलं, तेही अंधाऱ्या खोलीत, त्यावर दिव्याचा उजेड टाकून. लोक मागे दिवा लावलाय का म्हणून कॅनव्हासच्या मागे डोकावत. इतकं आपल्याला नको, पण खिडकीच्या काटकोनातली भिंत तरी मागून घ्या. वापरलेल्या काही रंगांमुळे ते चित्रही पुढे काळवंडत गेलं.

तुमची तिन्ही चित्रं मात्र फेकू नका. सर्वांत नीट वाळलेलं एक घ्या, बारीक पॉलिशपेपरनं पांढऱ्या पट्ट्याचे उंचवटे पाणी लावून घासा, पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. धूळ उडू देऊ नका, ती छातीत जायला नको. मग अल्ट्रामरीन आणि अंबरमध्ये थोडा पांढरा घालून केलेला चारचा पातळ थर चंद्राभोवतीच्या आकाशावर आणि पट्ट्यावर चढवा. आकाश उजळेल, पट्टा विझेल. आठवडा जाऊ द्या आणि वर सांगितलेल्या दुसऱ्या बैठकीपासून सुरू करा. दरम्यान दशमी आली तर जेट्टीवर जाऊन फक्त फटी बघून या.